पाणबुडीतली बारा माणसं

आल्हाददादाने पाणबुडी बुडवली तेव्हा घड्याळात चार मिनिटं अकरा सेकंद झाली होती, आणि त्यातलं पहिलं मिनिट त्याने चहात बिस्किट बुडवण्यात घालवलं होतं.

अपूर्वा त्याच्या खुर्चीमागे उभी होती. उभी म्हणजे काय, खिडकीपर्यंत जाऊन येत होती, नख कुरतडत होती, परत येऊन त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. आल्हाददादा तिच्या काकांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रविवारी सकाळी काल्हेरहून खास तिच्यासाठी आला होता, कारण तिने त्याला आठवडाभर मेसेज करून करून हैराण केलं होतं. त्याने एकदा खेळून बघावं, बस. काही न विचारता, काही न समजावता.

खेळाचं नाव 'खोल'. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेला. अपूर्वा आणि जोहा, नववी ब, खिडकीकडचा तिसरा बाक. कोड जोहा लिहायची. खेळणाऱ्याने काय दाबायचं, खलाशांना हुकूम कसा द्यायचा, ते कुठून कुठे कसे चालणार, हे सगळं अपूर्वा ठरवायची. पाणबुडीत सहा कप्पे, मधून एकच बोळ, प्रत्येक कप्प्याला एक गोल लोखंडी दार, आणि बारा माणसं. बाराही जणांचे चेहरे अपूर्वाने स्वतः काढले होते. चेहऱ्यावर टिचकी मारायची, मग जागेवर टिचकी मारायची, की तो माणूस तिकडे निघाला. बारा माणसं, बारा बटणं, सगळं खेळणाऱ्याच्या हातात. तिला हे इतकं आवडायचं की कधी कधी ती काही कारण नसताना नुसतीच त्यांना इकडून तिकडे फिरवत बसायची.

आल्हाददादाने काय केलं, तर इंजिनाच्या कप्प्यात आग लागल्याबरोबर बाराही चेहऱ्यांवर फटाफट टिचक्या मारल्या आणि सगळ्यांना आगीवर सोडलं. बाराही जण पळाले. दारात अडकले. एकावर एक, जत्रेतल्यासारखे. पाणबुडी वर-खाली नेणारं चाक सोडून चाकवाला पळाला होता, पंप सोडून पंपवाला. पाणबुडीने नाक खाली केलं आणि ती शांतपणे तळाला गेली.

"तुझी माणसं बिनडोक आहेत, अपू," आल्हाददादा म्हणाला.

"सांगितलं तसंच वागली ती. सांगणारा कोण होता?"

"अगं, बारा जणांना एकेक करून कोण सांभाळणार? मला हात दोन आहेत." त्याने उरलेला चहा प्यायला. "शनिवारी परीक्षक पण हेच करणार बघ. आणि तुला तर बोलायची पण परवानगी नाही."

हेच तर होतं. शनिवारी ठाण्यात शाळकरी मुलांच्या खेळांची स्पर्धा होती. परीक्षक येणार, खुर्चीत बसणार, पंधरा मिनिटं खेळणार. ज्यांनी खेळ बनवला त्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्या सहा जोड्या निवडल्या जातील त्यांना मे महिन्यात पुण्याला एक महिन्याचा कॅम्प. तिथे खरोखर खेळ बनवणारी माणसं शिकवणार. अपूर्वाला तिथे जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, तिने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की आम्ही जाणार. गेल्या वर्षी हीच मुलगी हजेरीला 'उपस्थित' म्हणताना लाल व्हायची. यंदा तिच्यात कोणीतरी हवा भरल्यासारखं झालं होतं, आणि ती हवा आता आल्हाददादाने चार मिनिटं अकरा सेकंदांत काढून टाकली होती.

तिने जोहाला फोन केला. उचलला नाही. परत केला. सात वेळा केला. मग तिला आठवलं, जोहा रविवारी दुपारी अब्बांचा डबा घेऊन त्यांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जाते. लूमला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवार तिकडे भर कामाचा. संध्याकाळी जोहा घरी आली की फोन करेलच, असं आईने सांगून बघितलं. पण संध्याकाळ पाच तासांवर होती. अपूर्वाने सायकल काढली.

नारपोलीच्या त्या गल्लीत शिरलं की आवाज आधी पायाला लागतो. सायकलचं हँडल थरथरायला लागतं, मग दात. मजीदचाचांच्या, म्हणजे जोहाच्या अब्बांच्या, शेडमध्ये चोवीस लूम, दोन रांगांत, आणि ते चालवणारे चार कारीगर, एकेकाकडे सहा सहा. अपूर्वा दारातून आत कधीच गेली नव्हती. जोहा नेहमी बाहेरच भेटायची. आज तिने थेट आत पाऊल टाकलं. रुईचा भुगा हवेत तरंगत होता. अगदी शेवटच्या टोकाला, पंख्याखाली, जोहा पाठमोरी उभी राहून अब्बांना डबा उघडून देत होती.

अपूर्वाने हाक मारली. स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू आला नाही. मग गर्दीत मैत्रीण दिसली की कोणीही करेल तेच तिने केलं. दोन्ही हात डोक्यावर उंच नेले आणि एकमेकांवरून आडवे फिरवत जोरजोरात हलवले.

उजवीकडचा कारीगर तिच्याकडे बघतच थबकला. त्याने हाताखालचा दांडा ओढला. लूम बंद. लगेच पुढचा. त्याच्याकडे बघून समोरच्या रांगेतल्याने आपला दांडा ओढला, मग त्याच्या पलीकडच्याने. एकेक करत आवाज विझत गेला, आणि चोवीसच्या चोवीस लूम थांबले.

कान मात्र वाजतच राहिले.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही की हे तिच्यामुळे झालं. तिला दिसलं ते एवढंच, की चार माणसं आपापल्या रांगेत, आपापल्या लूमवर एक हात ठेवून, तिच्याकडे बघत उभी आहेत. कोणी पळालं नाही. फक्त एक जण, जो तिच्या सगळ्यात जवळ होता, तो निघाला. निघण्याआधी त्याने शेजारच्याच्या खांद्याला हात लावला. शेजारचा काही न बोलता दोन पावलं सरकला आणि अशा जागी उभा राहिला जिथून त्याला दोन्ही रांगा दिसतील.

जवळ आलेला माणूस शेलार गावचा महादूमामा. जोहाच्या जन्माआधीपासून इथे. त्याने अपूर्वाचे दोन्ही हात धरून उलटसुलट करून बघितले.

"कोनाचा हात गेलाय, पोरी?"

"कोणाचाच नाही. मी... जोहाला बोलावत होते."

महादूमामाने मान वळवून मागे नुसती हलवली. न्हाय, काय न्हाय. तिघांचे खांदे एकदमच खाली आले. आता कुठे तिला समजलं. इथे कोणाला कोणाचं ऐकू येत नाही म्हणून सगळं हातांनी चालतं, आणि डोक्यावर दोन हातांची फुली म्हणजे माणूस मशीनमध्ये अडकला, सगळं बंद करा.

मजीदचाचा डबा तसाच ठेवून आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला जवळच्या लूमशी नेऊन कापड दाखवलं. लूम असा मध्येच थांबून परत सुरू झाला की कापडात आडवी रेघ उमटते, ती निघत नाही. आता अशा चोवीस रेघा. हे त्यांनी हवामान सांगावं तशा आवाजात सांगितलं आणि बेटा, आता घरी जा म्हणाले.

जोहा गेटपर्यंत आली. तिचं नाक लाल झालं होतं, रडायच्या आधी होतं तसं.

"अब्बा तुला काय बोलणार नाहीत. म्हणून मी बोलते. तुला एक मिनिट थांबायला काय होतं गं? एक मिनिट?"

सॉरी म्हणायची वेळ होती. अपूर्वाला ते कळतही होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"जोहा, कोणी पळालं नाही."

"काय?"

"त्यांना वाटलं माणूस अडकलाय. तरी तिघं जागेवर. एकच गेला, आणि त्याची जागा दुसऱ्याने बघितली. आपले बारा पळतात यार. आल्हाददादाने आत्ता बुडवली. चार मिनिटांत."

जोहाने तिच्याकडे असं बघितलं की अपूर्वाला सायकलवर बसावंसं वाटलं. "दिवाळीपासून मी तुला सांगतेय, त्यांना थोडी अक्कल देऊ. तू काय म्हणालीस? नाही, सगळं खेळणाऱ्याच्या हातात पाहिजे. आणि आता आमच्या शेडमध्ये गोंधळ घालून तुला साक्षात्कार झाला." आणि ती आत निघून गेली.

त्या संध्याकाळी अपूर्वा घरात एका जागी दहा मिनिटं टिकली नाही. जेवताना उठली, अभ्यासाला बसून उठली, गच्चीवर जाऊन आली. बाबांनी विचारलं, मुंग्या चावतायत का. तिने लॅपटॉप उघडून ते बारा चेहरे बघितले. दोन महिने घालवले होते त्यांच्यावर. एकाला तर तिने मुद्दाम थोडी वाकडी मिशी दिली होती. माणसांना अक्कल द्यायची तर चेहऱ्यांच्या बटणांची ही पाटी काढून टाकायला हवी, म्हणजे खेळातलं जे जे तिचं होतं ते जवळजवळ सगळंच जाणार होतं. उरणार ते जोहाचं. हे तिला लागलं. लागलं याचीही लाज वाटली.

सोमवारी शाळेत जोहा बाकावर बसली, पण मधे दप्तर ठेवून. शाळा सुटल्यावर अपूर्वा एकटीच नारपोलीला गेली. या वेळी दाराबाहेर थांबली, मजीदचाचांचं लक्ष जाईपर्यंत. वीस मिनिटं लागली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब वीस मिनिटं. ते बाहेर आल्यावर तिने माफी मागितली आणि त्याच दमात विचारलं, मी तासभर आत उभी राहून बघू का? चाचा हसले. म्हणाले, बघ, पण हात खिशात.

तासभर तिने बघितलं. महादूमामा सहा लूममधून फेऱ्या मारत होता, कुठे तार तुटली की सांधत होता, पुढे जात होता. त्याला कोणी काही सांगत नव्हतं. पाणी प्यायला गेला तेव्हा शेजारच्याने त्याचे सहा बघितले, म्हणजे बारा झाले. तेवढ्यात तिसऱ्यालाही जायचं होतं, तर तो थांबला. चहाच्या सुट्टीत तिने मामाला विचारलं की थांबा असं त्याला कोणी सांगितलं.

"सांगाया कशाला लागतं? जागा सोडाची तं मागं बघाचं, कोन हाय का. दोन जागा एक मानूस बघंल. तीन न्हाय बघनार."

अपूर्वाने ते हातावर पेनने लिहून घेतलं. 'दोन बघेल, तीन नाही.'

मंगळवारी तिने दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि जोहाला वही दाखवली. चेहऱ्यांची पाटी गेली होती. आता खेळणाऱ्याने माणसावर नाही, जागेवर टिचकी मारायची. पंपावर मारली की जवळचा माणूस पंपाकडे जाणार, त्याची जागा शेजारचा बघणार. शेजारच्याकडे आधीच दोन जागा असतील तर ती जागा रिकामी पडणार आणि लाल होणार. हातांच्या फुलीचं बटण दाबलं की सगळे जिथे आहेत तिथे थांबणार. आणि कप्प्यांची दारं फक्त खेळणाऱ्यानेच उघडायची, बंद करायची.

जोहाने वही दोनदा वाचली. "मिशीवाला पण काढून टाकलास?"

"टाकला."

"वेडी आहेस." पण दप्तर परत मधे आलं नाही. मग बऱ्याच वेळाने, फळ्याकडे बघत, अपूर्वा रविवारचं सॉरी म्हणाली, आणि जोहा फळ्याकडेच बघत म्हणाली की ते रविवारीच म्हणायचं होतं.

तीन दिवसांत ते सगळं नव्याने लिहायचं म्हणजे काय होतं हे विचारू नका. जोहाने लिहायचं, अपूर्वाने तिच्या घरभर येरझाऱ्या घालायच्या. जोहाच्या अम्मीने शेवटी तिला कोथिंबीर निवडायला बसवलं. गुरुवारी संध्याकाळी बाराही माणसं शहाण्यासारखी वागायला लागली, इतकी शहाणी, की गोल दारात दोघं समोरासमोर आले तर दोघंही थांबायचे. आधी तुम्ही. नाही, आधी तुम्ही. पाणी गुडघ्यापर्यंत यायचं आणि हे दोघे आपले उभे. जोहाने डोकं टेबलावर ठेवलं.

खाली गल्लीत त्याच वेळी हॉर्न सुरू झाले. दोन टेम्पो समोरासमोर आले होते, रोजचंच. अपूर्वा खिडकीत गेली, कारण ती कुठल्याही निमित्ताने खिडकीत गेलीच असती. एका टेम्पोत कापडाचे तागे छतापर्यंत, दुसरा रिकामा. थोडी शिवीगाळ झाली, मग रिकामावाला गिअर टाकून मागे गेला.

"रिकामा मागे घेतो," अपूर्वा म्हणाली.

"नेहमी घेतो. त्यात काय?" आणि मग जोहाने डोकं वर केलं. ज्याच्या हातात काही आहे, भेगेत ठोकायचा लाकडाचा ठोकळा, पाण्याची नळी, जखमी माणूस, तो आधी जाणार. रिकाम्या हाताचा मागे होणार. नऊ ओळी लिहाव्या लागल्या.

शनिवारी ठाण्याच्या त्या हॉलमध्ये चाळीस टेबलं होती. यांचं सव्विसावं. परीक्षक अदिती मॅडम, केस आखूड, गळ्यात चष्मा, खुर्चीत बसल्या आणि एक शब्द न बोलता सुरू केलं. मागे जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवलेली, त्या पट्टीमागे या दोघी.

मॅडमनी पहिल्यांदा काय केलं, तर माणसावर टिचकी मारली. काही झालं नाही. दुसऱ्या माणसावर मारली. काही नाही. अपूर्वाला आत्ता कळलं. जागेवर मारायची हे कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांना स्वतःला इतकं पाठ झालं होतं की ते लिहायला हवं हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. मॅडम तिसऱ्या माणसाकडे गेल्या. चौथ्या. दीड मिनिट. अपूर्वाचा हात आपोआप वर जायला लागला आणि जोहाने तो मनगटाला धरून खाली ओढला, नखं रुतेपर्यंत.

दोन मिनिटं झाली. तीन. मॅडम मागे रेलल्या आणि नुसत्या बघत बसल्या. कंटाळल्या, संपलं, अपूर्वाला वाटलं. पण पडद्यावर काही बिघडत नव्हतं. चाकवाला चाकावर होता, पंपवाला पंपावर. एक जण पाणी प्यायला उठला, शेजारचा दोन पावलं सरकला. मॅडम पुढे वाकल्या. पंपवाला उठेपर्यंत थांबल्या. तो उठला, शेजारचा सरकला. मग त्यांनी हळूच पंपावर टिचकी मारली, आणि वाटेतला माणूस परत फिरून पंपावर आला.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. स्वतःशीच.

आठव्या मिनिटाला पुढच्या कप्प्याला भेग पडली. मॅडमनी भेगेवर टिचकी मारली, एक माणूस ठोकळा घेऊन निघाला, दारात समोरून येणारा त्याला बघून मागे झाला. पाणी वाढत होतं. त्यांनी दुसरा माणूस बोलावला. मग तिसरा. मागे एक जागा लाल झाली, पाणबुडी तिरकी व्हायला लागली. त्यांनी घाईघाईने दोघांना परत पाठवलं. आत एकटा राहिला, छातीपर्यंत पाण्यात, ठोकळा धरून. आणि मॅडमचं बोट दाराच्या बटणावर गेलं.

दार बंद केलं तर पाणबुडी वाचणार होती. तो नाही.

बोट तिथेच राहिलं. मागच्या टेबलावर कोणाच्या तरी खेळातून गोळ्यांचा आवाज येत होता. गंमत म्हणजे अपूर्वाला आपण उभ्या आहोत हेही आठवत नव्हतं. नऊ, दहा, अकरा सेकंद. मॅडमनी बटण दाबलं. दार लागलं. पाणबुडी सरळ झाली, वर गेली, पडद्यावर आकाश आलं.

पंधरा मिनिटं संपली होती. स्वयंसेवक मुलगा पुढच्या टेबलाचा कागद घेऊन आला. मॅडम उठल्या नाहीत.

"सुरुवातीला काय करायचं ते कळत नाही," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तीन मिनिटं गेली माझी. ही चूक आहे."

"हो," अपूर्वा म्हणाली. आता बोलायची परवानगी होती, आणि नेमकं आता तिच्याकडे तेवढंच होतं.

"माणसांना चालवायचं नाही, त्यांचं ते बघतात. मग माझ्याकडे काय ठेवलंत? दार?"

जोहाने अपूर्वाकडे बघितलं.

"दार," अपूर्वा म्हणाली. "बाकीचं त्यांना येतं. ते मात्र त्यांच्यावर टाकता येत नव्हतं."

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला. सूचनांच्या जागी काहीतरी लांबलचक लिहिलं. खाली कॅम्पची चौकट होती, तिच्यात बरोबरची खूण केली. खूण इतकी साधी होती, घाईत केलेली, की अपूर्वाला ती आधी चुकून झालेली रेघ वाटली. जोहाने तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. आता तर तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"मॅडम, पुढच्या टेबलावर," स्वयंसेवक म्हणाला.

"पाच मिनिटं थांब." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. "त्याला बाहेर काढता येतं का बघू दे."